मुलांच्या डोक्यातील उवा आणि आपला हंगाम



या अंकात शेतकी विभागाकडून आपण खोडव्याचे खत, पाचट कुजविणे किंवा हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांची अपेक्षा करता. आज मी लिहिणार आहे ते शाळेतील मुलांच्या डोक्यातील उवांबद्दल. ऊस विकास अधिकाऱ्याने उवांवर लिहावे याचे काहींना हसू येईल. हसावे, पण लेख शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. हा विषय आपल्या फडातून निघून आपल्या शाळेपर्यंत गेलेला आहे, आणि तेथे आपण जसे वागलो ते माझ्या मते बरोबर झालेले नाही.

गेल्या हंगामातील गोष्ट. डिसेंबर महिना होता. लागण नोंदीच्या कामासाठी कार्यक्षेत्रातील एका गावी गेलो होतो. सोसायटीच्या ओट्यावर पंधरा-वीस सभासद बसले होते. नोंदीचे काम बाजूलाच राहिले. एक सभासद म्हणाले, "साहेब, टोळ्या तुम्ही आणता, तवा ह्याचा बंदोबस्तबी कारखान्यानंच करावा. आमच्या पोरींच्या डोक्यात उवा झाल्यात. टोळीच्या पोरांना येगळं बसवा, न्हाईतर शाळेत घेऊच नका." आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. शाळेतही हाच निरोप गेला असावा. दुसऱ्या दिवसापासून ऊसतोड कामगारांची पाच मुले वर्गाबाहेर व्हरांड्यात बसू लागली. आठ दिवसांनी त्यांतली दोन उरली. पंधरवड्याने एकही उरले नाही.

त्यानंतर एकदा त्याच गावाच्या तळावर तोडणीचा कार्यक्रम सांगण्यासाठी गेलो असता, त्यांपैकी तिसरीतील एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीपुढे उभी दिसली. मी विचारले, "बाळ, शाळेत का जात नाहीस?" ती म्हणाली, "भाईर बसवतेत. फळा दिसत न्हाई."

एवढेच बोलली. रडली नाही, तक्रार केली नाही. पण तिचे उत्तर माझ्या मनातून गेले नाही.

माझ्या घरची गोष्ट

आता एक कबुली देतो. त्या बैठकीत मला बोलता आले असते, आणि मी गप्प बसलो. बोलण्यासारखे होते ते असे. आमच्या धाकट्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या त्या त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास. मंडळींनी अंगणात बसवून तिचे केस विंचरले तेव्हा पांढऱ्या फडक्यावर दहा-बारा तरी पडल्या. चौकशी केली तर तिच्या दोन मैत्रिणींच्या घरीही तेच चालू होते. तिघीही चांगल्या घरच्या. रोज आंघोळ, तेल-वेणी, इस्त्रीचा गणवेश. त्या वेळी आपल्या कार्यक्षेत्रात एकही टोळी आलेली नव्हती. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर येतात. मग गणपतीतल्या उवा कोणाच्या?

हे मी बैठकीत सांगितले नाही, कारण लाज वाटली. साहेबांच्या घरात उवा, असे लोक म्हणतील अशी भीती होती. आणि माझी खात्री आहे की त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी आणखी काहींच्या घरी हीच कथा असणार. आपण सर्वांनी आपापली लाज झाकली आणि ज्यांना झाकायला भिंत नाही, त्यांच्यावर सगळा बोल गेला. बंगल्यात बंद दाराआड फणी फिरते. कोपीपुढे ती उघड्यावर फिरते. आपल्याला दिसतात त्या म्हणून फक्त कोपीतल्या उवा.

ऊ म्हणजे काय

कोणत्याही किडीचा बंदोबस्त करायचा तर आधी तिचा जीवनक्रम समजून घ्यावा लागतो, हे आपण खोडकिडीच्या बाबतीत शिकलो आहोत. उवेचेही तसेच आहे.

डोक्यातील ऊ ही तिळाएवढी, दोन-तीन मिलिमीटर लांबीची, बिनपंखाची कीड आहे. ती उडत नाही, उडी मारीत नाही. सहा पायांच्या नख्यांनी केस धरून चालते, इतकेच. दिवसातून अनेकदा डोक्याचे रक्त पिते. मादी दररोज सहा ते आठ अंडी घालते. ही अंडी म्हणजे लिखा. त्या केसाला मुळाजवळ डिंकाने चिकटवल्यासारख्या बसतात, झटकून पडत नाहीत. सात ते नऊ दिवसांत लीख फुटून पिल्लू बाहेर येते आणि पुढच्या नऊ ते बारा दिवसांत ते मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागते. मोठी ऊ डोक्यात महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली तर मात्र एक-दोन दिवसांत मरते, कारण तिचे पोट माणसाच्या रक्तावरच आहे. गाई-म्हशी, कुत्री, कोंबड्या यांच्यापासून ती येत नाही.

एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ती जाते ती मुख्यतः डोक्याला डोके लागल्याने. मुली एकमेकींच्या कानात बोलतात, एका पाटीवर दोघी वाकतात, एका अंथरुणावर झोपतात, तेव्हा ऊ चालत जाते. म्हणूनच लहान मुलांत, त्यातही मुलींत हिचा प्रादुर्भाव जास्त. घाणेरडे केस तिला आवडतात आणि स्वच्छ केस आवडत नाहीत, असे काही नाही. तिला केस आणि रक्त पाहिजे. डोक्यावरून नुसते पाणी घेतल्याने ती वाहून जात नाही. पाण्याखाली ती केसाला घट्ट धरून तासन् तास जिवंत राहू शकते. शहरातील मोठ्या फीच्या शाळांतही उवा होतात आणि अमेरिकेतील शाळांतही होतात. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०२२ सालच्या आपल्या अहवालात स्पष्ट सांगितले आहे की, उवा किंवा लिखा आहेत एवढ्या कारणावरून निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये.

आणखी एक खुलासा. कपड्यांत राहणारी अंगावरची ऊ वेगळी. तिच्यामुळे टायफससारखे ताप पसरतात. डोक्यातील ऊ असा रोग पसरवीत नाही. तिचा त्रास म्हणजे खाज, मोडलेली झोप, आणि खाजवून झालेल्या जखमांत पू होणे. हा त्रास लहान मुलाला कमी नाही. रात्री खाजवत जागणारे मूल दिवसा वर्गात पेंगते. पण त्याच्या शेजारी बसलेल्याला मृत्यूचे भय असल्यासारखे आपण वागावे, असे त्यात काहीही नाही.

ऊ होणे आणि ऊ न जाणे

मग कोणी विचारील, टोळीच्या मुलांत उवा जास्त दिसतात त्याचे काय? दिसतात, हे मी नाकारीत नाही. पण ऊ होणे वेगळे आणि झालेली ऊ न जाणे वेगळे. होणे कोणालाही चुकत नाही. ती जाण्यासाठी मात्र चार गोष्टी लागतात: फणी, पाणी, उजेड आणि वेळ. या चारही गोष्टी कोपीत किती आहेत ते पाहू.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. राहायला कोपी: बांबूच्या कमानी, त्यांवर पाचट किंवा ताडपत्री. आत आठ-दहा फूट जागा. त्यात चूल, धान्याचे डबे, कपड्यांचे गाठोडे आणि एका गोधडीत शेजारी शेजारी झोपलेली चार-पाच माणसे. डोक्याला डोके लागणारच. नाही लागले तर थंडीत कुडकुडावे लागेल.

उवा काढण्याची एक बिनऔषधी रीत आहे. केस ओले करून, तेल किंवा साबण लावून, बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत बट-बट विंचरायचे आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहायची. हे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी केले की, मागाहून लिखांतून निघालेली पिल्लेही अंडी घालण्यापूर्वी सापडतात. लांब केसांच्या मुलीला एका वेळी अर्धा तास लागतो. आता हिशेब करा. दोन मुली आणि आई, अशी तीन डोकी. दर खेपेला दीड तास, चार खेपांना सहा तास. तेही दिवसाउजेडी, कारण ऊ कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात सापडत नाही.

ही आई पहाटे तीन-चारला उठते. भाकरी थापून उजाडण्यापूर्वी फडात जाते. दिवसभर ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे. परत येते तेव्हा अंधार पडलेला असतो. मग पाणी, सरपण, स्वयंपाक. हे सहा तास तिने कोठून आणावेत? पाणी म्हणाल, तर एका तळावरच्या बाईने मला जे ऐकवले ते येथे तसेच लिहितो: "सायेब, प्यायलाच दोन हंडे पानी, तेबी मोटर चालू आसंल तवा. डोकं कशानं धुवावं?"

वीज आपल्या मोटारीला ज्या पाळीने येते त्या पाळीने त्यांचे पाणी. रात्रीची पाळी असली की दिवसा त्यांच्याकडे थेंब नाही. तेव्हा टोळीच्या मुलांच्या डोक्यात उवा राहतात त्या आईच्या आळसाने नव्हे. आपल्याच कार्यक्षेत्रात, आपल्याच बांधावर, त्यांचे राहणे ज्या प्रकारचे आहे त्यामुळे राहतात. आपण उवांकडे बोट दाखवितो आणि पाण्याकडे पाहत नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

भलतेच उपाय नकोत

येथे शेतकी विभागाचा माणूस म्हणून एक कडक सूचना. पिकावर फवारायचे कोणतेही कीटकनाशक डोक्याला लावू नये. मजुराच्या नाही आणि स्वतःच्या मुलाच्या तर नाहीच. पूर्वी गॅमेक्झिन पावडर घरोघरी असे आणि ती डोक्यालाही चोळीत. १९९७ साली बी.एच.सी.वर देशात बंदी आली, पण औषधाची बाटली उघडून दोन थेंब तेलात टाकण्याची खोड अजून गेलेली नाही. लहान मुलाच्या डोक्याची कातडी पातळ असते, त्यात खाजवून जखमा झालेल्या. विष थेट अंगात भिनते. पिकावरचे औषध हे जिवावरचे औषध आहे.

रॉकेल लावून चुलीपुढे बसणे म्हणजे आगीला आमंत्रण. सीताफळाच्या बियांची पूड गावठी उपाय म्हणून लावतात. तिने उवा मरतात हे खरे. पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होऊन भयंकर आग होते. आंघोळीच्या वेळी ती डोळ्यांत जातेच. म्हणून तोही उपाय टाळावा.

औषध वापरायचे तर १ टक्का परमेथ्रिनसारखे माणसासाठीच केलेले औषध, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून वापरावे आणि नऊ-दहा दिवसांनी पुन्हा वापरावे. औषधाने लिखा सगळ्या मरत नाहीत, म्हणून दुसरी खेप चुकवू नये. तेच तेच औषध अर्धवट वापरल्याने पिकावरची कीड जशी दाद देईनाशी होते, तशा अनेक ठिकाणी उवाही या औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत. फणीला मात्र त्या सरावत नाहीत.

जाता जाता हेही सांगतो. तणनाशकाचे किंवा कीटकनाशकाचे रिकामे कॅन पाणी भरण्यासाठी टोळीला देऊ नका. धुऊन दिले तरी देऊ नका.

हुमणीचा धडा

आता मुख्य मुद्दा. हुमणीच्या बंदोबस्तात आपण काय शिकलो? वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळ, बोरीवर बसतात. एकट्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरची झाडे झाडली आणि शेजाऱ्याने नाही झाडली, तर शेजारचे भुंगेरे येऊन याच्याच रानात अंडी घालतात. सगळ्या गावाने एकाच वेळी झाडे हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले, तरच पुढे पिकाला आराम पडतो. म्हणून आपण गाववार मोहीम घेतो. तिथे कोणी म्हणत नाही की अमक्याचे रान घाण आहे, त्याला शिवाराबाहेर काढा.

उवांचे गणित हुबेहूब असेच आहे. पाच मुलांना व्हरांड्यात बसवून वर्गातील उवा जात नाहीत, कारण वर्गात आधीपासून असलेल्या उवा वर्गातच राहतात. एका मुलीचे डोके साफ केले आणि तिच्या बहिणीचे, आईचे, मैत्रिणीचे राहिले, तर आठ दिवसांत पूर्ववत. उपाय एकच. सगळा वर्ग, सगळे घर, सगळा तळ, एकाच दिवशी. आणि ठरलेल्या दिवसांनी पुन्हा. त्यात कोणाचे मूल कोणत्या गावचे, हा प्रश्नच येत नाही. नावे वाचायची नाहीत, उभे करायचे नाही, कोणाचा गोटा करायचा नाही. मुलीचे केस कापून टाकणे हा बंदोबस्त म्हणता येणार नाही. ती शिक्षा झाली.

कायदा काय म्हणतो

काही सभासदांचे म्हणणे असे की, ही मुले बाहेरगावची, आपल्या शाळेवर त्यांचा हक्क काय? हक्क आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेले आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. व्हरांड्यात बसविणे हा मानसिक त्रास नाही, असे कोणाला वाटत असेल त्याने आपल्या मुलाला चार दिवस तेथे बसवून पाहावे. मूल गाव सोडून जाताना त्याची इयत्ता व प्रगती लिहून देणारे शिक्षण हमी कार्डही आपल्या राज्यात आहे. ते असेल तर मुलाला मध्येच वर्गात घेण्यास शिक्षकांना सोपे जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके शाळा आणि अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात. पथक पावसाळ्यात येऊन गेले तर टोळीची मुले त्यात सापडत नाहीत. हंगाम चालू असताना पथक यावे, एवढी मागणी शाळा व्यवस्थापन समितीला सहज करता येईल. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले. गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तितकेच शासनाकडून, अशी त्याच्या निधीची रचना ठरली. २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. मुले मूळ गावीच राहून शिकली तर ते उत्तमच. पण वसतिगृह कितीही झाले तरी दूध पिती आणि तीन-चार वर्षांची पोरे आईबरोबर येणारच, आणि त्यांना सांभाळायला आठ-दहा वर्षांची ताई बरोबर येणार. या ताईचीच शाळा बुडते. तिच्यासाठी आपली शाळा आहे.

सभासदांचे आक्षेप

तुमची नाराजी मला माहीत नाही असे नाही. टोळीला खुशाली द्या, ड्रायव्हरला एन्ट्री द्या, तरी ऊस वेळेवर जात नाही; तुरा येतो, वजन घटते. सभासदाच्या तोंडून रोज ऐकतो. त्यात चूक असेल तेथे मुकादमाला आणि आमच्या शेतकी खात्याला जरूर धारेवर धरावे. पण खुशालीचा राग तिसरीतल्या मुलीवर काढू नये. खुशाली तिने मागितलेली नाही.

दुसरे म्हणणे असे की, हे काम मुकादमाचे, आपले नव्हे. मुकादम आणि टोळी यांच्यातील व्यवहार काही असो, तोडणी होते ती आपल्या उसाची. हार्वेस्टर आले आहेत, आणखी येतील. तरी लहान क्षेत्रात, ओल्या रानात आणि पडलेल्या उसात आजही कोयताच लागतो. जागतिक सहकारी चळवळीने १९९५ साली जी सात तत्त्वे स्वीकारली, त्यांत सातवे तत्त्व समाजाविषयीच्या आस्थेचे आहे. आपला समाज म्हणजे फक्त मतदार यादीतील सभासद, असे मला वाटत नाही. सहा महिने जो माणूस आपल्या रानात राबतो, आपल्या विहिरीचे पाणी पितो, तोही तेवढ्या काळापुरता आपल्या गावचाच.

काय करता येईल

माझ्या सूचना थोड्या आहेत आणि खर्चाच्या नाहीत.

पहिली, पाणी. ज्याच्या रानाजवळ तळ पडतो त्या सभासदाने एखादे बॅरल किंवा टाकी रात्रीच्या पाळीत भरून ठेवण्याची सोय करावी. मोटर आपली चालूच असते. बायका-मुलींसाठी तट्ट्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करून द्यावा. उघड्यावर बाई केस मोकळे सोडून न्हात नाही, हे आपल्या घरातील बायकांना विचारून पाहा.

दुसरी, दिवस. गाळप हंगामात साफसफाईसाठी कारखाना मधून मधून बंद ठेवावा लागतो. त्या दिवशी तोड नसते. हाच उवांचा दिवस ठरवावा. आमचे चिटबॉय तोडणीचा कार्यक्रम सांगायला तळावर जातातच. त्यांनी हा दिवसही सांगावा. पुढच्या खेपांना आई फडात असेल. तेव्हा बचत गटातील भगिनींनी दुपारी दोन तास तळावर जाऊन मुलींची डोकी विंचरावीत. फण्या, तेल आणि पांढरी फडकी यांची तरतूद कारखान्याने करावी, असे मी संचालक मंडळापुढे लेखी मांडणार आहे.

तिसरी, कारखाना स्थळावरील तळ. उसात शेकडा सत्तरच्या आसपास पाणीच असते. रस आटविताना त्याची वाफ होते, आणि ती थंडावली की गरम पाणी मिळते. वापरून उरलेले हे पाणी आंघोळीला व गोधड्या धुण्याला देता येईल का, याची तपासणी केमिस्ट साहेबांनी करावी आणि योग्य असेल तर एक नळ तळापर्यंत काढावा. गरम पाण्याची आंघोळ आणि धुतलेली गोधडी मिळाली तर उवांपेक्षाही खरजेचा आणि गळवांचा त्रास कमी होईल.

चौथी, शाळा. व्यवस्थापन समितीत आपल्यापैकीच पालक आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवावे की टोळीची मुले वर्गात, फळ्यासमोर बसतील. महिन्यातून एकदा सर्व मुलांची डोकी पाहिली जातील, शिक्षकांच्या मुलांसकट. ज्यांच्या डोक्यात सापडेल त्यांच्या घरी गुपचूप निरोप जाईल, एवढेच.

पाचवी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. टोळ्या येण्यापूर्वी, याच महिन्यात, प्रत्येकाने आपल्या घरातील मुलांची डोकी पाहावीत. उवा सापडल्या तर लपवू नयेत, शेजारी सांगावे. मी माझ्या घरापासून सुरुवात केली आहे, आणि हे छापून सांगण्याची लाज आता वाटत नाही. एकदा आपण आपल्या उवा कबूल केल्या की दुसऱ्याच्या मुलाला बाहेर बसविण्याचे धाडस आपल्याला होणार नाही.

थोड्याच दिवसांत बॉयलर पेटेल, मोळी गव्हाणीत पडेल आणि तळावर पुन्हा कोप्या उभ्या राहतील. ती मुलगी यंदा येईल की नाही, सांगता येत नाही. आलीच तर एक वर्ष मागे पडलेली असेल. ती नाही आली तरी तिच्या वयाची दुसरी कोणी येईल. तिला फळा दिसेल अशी जागा द्या, एवढेच सभासदांना हात जोडून सांगतो.



आपला,
ऊस विकास अधिकारी